ठरवून विसरलेली पेंढी

माझी भाची नापास झाल्याची बातमी माझ्या सासरी, कळंबला पोचली तेव्हा मी दहावीच्या भूगोलाचे पेपर तपासत बसले होते. लोकांच्या मुलांना अर्धा-अर्धा मार्क वाढवून काठावर आणण्यात मी गुंतलेले, आणि फोनवर भाऊ सांगतोय, "ताई, पोरीची दांडी गुल झाली." मी विचारलं, "गणित?" तो म्हणाला, "नाही गं, शेती." मला आधी वाटलं की चेष्टा करतोय. आमचं माहेर निमगाव सावा. तिथे चार पिढ्या शेतीत नापास होत आल्यात, पण त्याची परीक्षा कधी कोणी घेतली नव्हती.

आता हे नीट सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ निमगावातून पुण्याला शिकायला गेला, पुण्यातून ऑस्ट्रेलियाला नोकरीला गेला, आणि या दोन्हींच्या मध्ये त्याने ठाण्याच्या एका बेने इस्राएल मुलीशी लग्न केलं. बेने इस्राएल म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू, हे मी आज वर्गात खडू हातात घेऊन सांगू शकते. तेव्हा मलाही ते ठाऊक नव्हतं. नवी सून कुठल्या भाषेत बोलणार या काळजीने आमचे चुलते लग्नाआधी महिनाभर इंग्रजी बातम्या बघत होते. ती आली, पदर सावरून पाया पडली आणि आमच्यापेक्षा शुद्ध मराठीत म्हणाली, "प्रवासात थोडा उशीर झाला, माफ करा हं." चुलत्यांचं महिनाभराचं इंग्रजी वाया गेलं.

त्यांची एकुलती एक मुलगी ही माझी भाची. आठवीपर्यंत ती तिकडच्या सरकारी शाळेत होती. नववीला वहिनीने तिला ज्यू हायस्कुलात घातलं. वहिनी फारशी हट्टी बाई नाही, पण या एका बाबतीत ती अडून बसली. तिकडे मुलीला आजी नाही, मावशी नाही, शेजारात आपलं कोणी नाही. आपण कोण, हे मुलीला शिकवणार कोण? तेव्हा शाळाच शिकवील. भावाने हो म्हटलं. आमच्या घराण्यातल्या पुरुषांना शाळेबद्दल एवढंच मत असतं.

भाचीने तेव्हा मला वेळापत्रकाचा फोटो पाठवला होता. मी पेशाने शिक्षिका, मंचरच्या एका हायस्कुलात वीसेक वर्षं भूगोल शिकवते. दुसऱ्याचं वेळापत्रक मी इतर बायका दुसरीची साडी बघतात तसं बघते. दिवस सरळ मधोमध कापलेला. सकाळचे तास धर्माचे आणि दुपारचे जगाचे. सकाळी प्रार्थना, मग हिब्रू भाषा, मग धर्मग्रंथ, मग जुने कायदे, मग ज्यूंचा इतिहास. जेवण झालं की गणित, विज्ञान, इंग्रजी आणि आमचा भूगोल. भूगोल जेवणानंतर आहे हे बघून मला एकदम आपलेपणा वाटला. जगात सगळीकडे भूगोल जेवणानंतरच असतो. मुलं पेंगत असतात आणि आपण त्यांना वारे कुठून कुठे वाहतात ते सांगत असतो. शुक्रवारी शाळा लवकर सुटते, कारण संध्याकाळपासून त्यांचा शब्बाथ. मग शनिवार मावळेपर्यंत घरात फोनसुद्धा कोणी हातात घेत नाही. आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे माझी गप्पा मारायची हक्काची दुपार तीच. पहिलं वर्षभर मी दर शनिवारी फोन लावत होते आणि 'उचलत नाहीत, शिष्ट झालेत' असं म्हणत होते.

ती नापास झाली ती जुन्या कायद्यांत. दहावीला त्या विषयात शेतीचे कायदे होते. भाऊ 'शेती' म्हणाला ते म्हणून. हजारो वर्षांपूर्वी त्यांच्या मुलखात शेत कापताना काय करायचं आणि काय नाही, याचे नियम. शेताचा एक कोपरा कापायचाच नाही, तो गरिबांचा. कापताना हातातून एक-दोन लोंब्या पडल्या तर त्या वाकून उचलायच्या नाहीत, त्याही गरिबांच्या. आणि एखादी पेंढी शेतात विसरून राहिली, तर ती आणायला मागे फिरायचं नाही. ती ज्याला सापडेल त्या गरिबाची. हे सगळं शिकायचं कुणी, तर बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीने, जिच्या घरातलं एकमेव पीक म्हणजे खिडकीतली तुळस.

पाठ करायला ते अवघड नव्हतं. माझ्या भावाने तिच्याकडून घोकून घेतलं. निमगावच्या शाळेत आम्ही जसे धडे घोकले तसे. पोरगी तोंडी परीक्षेला गेली आणि धडाधड सगळे नियम म्हणून दाखवले. शिक्षकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान. आता तुझा प्रश्न काय?"

ती म्हणाली, "काही नाही, सर. मला सगळं समजलं."

त्यावर तिला नापास केलं.

मला हे ऐकून जो संताप आला तो आठवला की आता हसू येतं. काही शंका नाही असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याची मी वीस वर्षं वाट बघत आले आहे! पण त्या शाळेत उलटं आहे. मुलं दोघा-दोघांच्या जोडीने बसतात, एकच ओळ वाचतात आणि तिच्यावर भांडतात. एकाने म्हणायचं असं, दुसऱ्याने म्हणायचं मुळीच नाही. वर्गात मासळीबाजार. ज्याला प्रश्न पडत नाही त्याने वाचलंच नाही, असं धरतात. बाकीची मुलं बालवाडीपासून याच शाळेतली, भांडून तरबेज झालेली. आमची पोरगी गेल्या वर्षी आलेली, आणि आमच्या वळणाची. मोठ्यांनी सांगितलं की मान हलवायची.

सणाच्या सुट्टीनंतर तोंडी फेरपरीक्षा होती. एक प्रश्न आणायचा, स्वतःचा, आणि तो शिक्षकांसमोर लढवायचा. त्यात नापास झाली तर सकाळचे सगळे तास आठवीच्या मुलांबरोबर बसायचं. पोरगी उंचीने बापावर गेलीये, आठवीच्या बाकावर तिचे गुडघेसुद्धा मावले नसते. तिने घरात जाहीर केलं होतं, "तसं झालं तर मी शाळा सोडते. परत जुन्या शाळेत जाते." भाऊ म्हणाला, तुझी वहिनी दोन दिवस फक्त भांडी घासतेय, घासलेलीच परत घासतेय.

"मी घेते तिची तयारी," मी म्हटलं. मला त्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नापास झालेली मुलं माझ्याकडे येतात आणि पास होऊन जातात, अशी माझी मंचरमध्ये ख्याती आहे. निदान मी तसं सांगते.

पहिल्या दिवशी मी तिला महत्त्वाच्या प्रश्नांची यादी पाठवली. पाच प्रश्न, येण्याची शक्यता जास्त असलेले, उत्तरांसकट. तिचा फोन आला. तिच्याकडची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडची टळटळीत दुपार.

"आत्या, हे माझे प्रश्न नाहीत. हे तुझे आहेत."

"मग काय झालं? पाठ केलेस की तुझेच."

"सरांना कळतं गं. तू माझी जोडीदार हो. मी वाचते, तू भांड."

तिने वाचलं, हिब्रूत, मग मराठीत अर्थ सांगितला. शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडावा. मी म्हटलं, "किती छान विचार आहे."

"आत्या!"

"बरं, बरं. पुढे वाच."

पडलेल्या लोंब्या उचलू नयेत. मी म्हटलं, "वा. आपल्याकडेही सरवा असतोच की. पीक निघालं की बायका शेतात पडलेलं वेचायला येतात, त्याला आपण सरवा म्हणतो. बघ, संस्कृती वेगवेगळ्या असल्या तरी..."

"आत्या, भांड ना माझ्याशी! तू प्रत्येक गोष्टीला वा म्हणतेस."

मला खरंच जमेना. शिक्षकाला चुका काढता येतात, भांडता येत नाही. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी आमचे हे, म्हणजे माझे यजमान, शेतातून जेवायला आले होते. फोन टेबलावर तांब्याला टेकवलेला. पोरगी वाचतेय, मी माना डोलावतेय. यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "कोपरा म्हंजी केवढा?"

पोरगी म्हणाली, "साठावा हिस्सा तरी, मामा." आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात.

"आन कुठला कोपरा? बांधाकडला का पाण्याकडला?"

"ते लिहिलं नाहीये."

"न्हाई कसं? पाण्याकडलं पीक जोमदार, बांधाकडलं खुरटं. मी खुरटा कोपरा सोडला तर चालंल का?"

पोरीने पुस्तकात बघितलं. "चालेल बहुतेक."

"मंग त्यो काय धर्म झाला? आन मी म्हनतो, म्या काय म्हून सोडायचा? नांगरट माझी, खत माझं, रातपाळीची लाईट आली की बिबट्याच्या भ्यानं फटाके फोडीत पानी धरायचं म्या, आन कोपरा दुसऱ्याचा?"

"मामा, जमीन मुळात देवाची आहे. तुम्ही फक्त वहिवाटदार."

"सातबारा बघ माझा. देवाचं नाव न्हाई त्यात."

पोरगी फोनवरून ओरडली, "आत्या, मला मामाच हवेत जोडीदार!"

अशा रीतीने माझी बदली झाली. आमच्या यांची शिक्षणाशी गाठ बारावीत सुटली, पण भावकीत बांधावरून चाललेल्या भांडणाचा अनुभव दांडगा. कुठलीही गोष्ट मान्य करायची नाही, हे त्यांच्या अंगात आहे. मला पंचवीस वर्षं त्याचा त्रास होत होता. तो अभ्यासक्रमात बसतो हे कुणाला ठाऊक होतं? रोज दुपारी मामा आणि भाची भांडायचे आणि मी वाढायचे. पोरगी तिकडे सणाच्या नियमाने आठ दिवस पोळी-पावाला हात लावत नव्हती, बिनखमिराच्या कडक पापडासारख्या चपात्यांवर दिवस काढत होती. तिचं लक्ष यांच्या ताटाकडे असायचं. "मामा, चपाती लांब धरा ना, दिसते." हे मुद्दाम तुकडा फोनसमोर नेऊन खायचे. "बघ, ह्यो आपल्याच शेतातला गहू."

पण प्रश्न काही सापडेना. यांचे प्रश्न तिला आवडायचे, लिहून घ्यायची, मग म्हणायची, "हा तुमचा आहे, मामा. मला नाही पडला हा." परीक्षेला आठवडा राहिला. आणि तेव्हा मला माझी नामी कल्पना सुचली.

आमचा अर्धा एकर गहू, घरच्या खाण्यापुरता, तेव्हा कापणीला आला होता. घाटघरकडची दोन जोडपी दरवर्षी मजुरीला येतात, ती आली होती. मी विचार केला, पोरीने शेत बघितलेलं नाही, म्हणून तिला प्रश्न पडत नाही. तिला प्रात्यक्षिक हवं. आमच्या शाळेत प्रात्यक्षिकाची तयारी कशी करायची ते मला चांगलं येतं. बाहेरचे परीक्षक यायच्या आधी सगळं जागच्या जागी मांडून ठेवायचं, म्हणजे प्रयोग हमखास यशस्वी होतो.

मी यांना म्हटलं, "एक पेंढी मागे विसरून ठेवा."

"म्हंजी?"

"म्हणजे मजुरांना सांगू नका. बाकीच्या सगळ्या उचलायच्या, एक राहू द्यायची. वरच्या बांधाजवळ, फोनमध्ये दिसेल अशी. मावशी सरवा वेचायला आल्या की त्यांना सापडेल, त्या नेतील, पोरगी बघेल."

"इसरून ठिवायची म्हंतीस?" यांनी डोकं खाजवलं. पण भाचीसाठी ते आता काहीही करायला तयार होते. चांगली जाडजूड पेंढी निवडली, दोन वेळा जागा बदलून बघितली, ऊन कुठून येतंय ते बघितलं. एवढ्या काळजीने आमच्या शेतात आजवर काही विसरलं गेलं नव्हतं.

मावशी म्हणजे शेजारच्या वाडीवरच्या. नात्याने कुणाच्याच नाहीत, म्हणून सगळ्यांच्या मावशी. कुठल्या शेतात काय निघालं ते त्यांना आपोआप कळतं. पीक हललं की दुसऱ्या दिवशी त्या पाटी घेऊन हजर. आम्ही पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या सावलीत बसलो, फोन खिडकीच्या गजाला दोरीने बांधला, पलीकडे पोरगी वही घेऊन. हे मला खुणावत होते, गप बस.

मावशी आल्या, वाकून एकेक लोंबी वेचत वर सरकल्या. पेंढीपाशी पोचल्या. थांबल्या. इकडे तिकडे बघितलं. मावशींनी पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि खच्चून हाक मारली, "ओ दादा! पेंढी राह्यली की व तुमची!"

हे खोलीमागून बोलले, "असू द्या, मावशी!"

मावशींनी आवाजाच्या दिशेने बघितलं. तिथे हे, मी आणि गजाला बांधलेला फोन. त्या चालत आल्या. आधी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग फोनकडे.

"शूटिंग करताय व्हय?"

"नाही हो मावशी, ही आमची भाची..."

"मी पेंढी उचलती का न्हाई, त्येचं शूटिंग?"

"तसं नाही, मावशी. तुम्ही घेऊन जा ती. तुमच्यासाठीच..."

"माज्यासाठी? मंग सरळ हातात द्यायची व्हती. आसं बांधावर ठिवून आन दडून बसून?" मावशींचा आवाज काही चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "बाई, तुमी शिकलेल्या. इतकी वर्सं येती मी हितं. कधी सरव्याच्या वर एक काडी नेली का? आज आजमावाया बसला मला?"

हे पुढे झाले, "मावशी, परीक्षा हाय पोरीची..."

"मंग तिची घ्या की. माझी कशापायी?" असं म्हणून त्यांनी पाटीतल्या लोंब्या, जेवढ्या वेचल्या होत्या तेवढ्या, खाली ओतल्या आणि गेल्या.

फोनमधून पोरगी हळूच म्हणाली, "आत्या, नियमात आहे हे. मजूर विसरला पण मालकाला आठवतंय, तर ते विसरणं धरत नाहीत. मी पाठ केलंय ते."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू म्हणालीस ना, प्रात्यक्षिक आहे. मला वाटलं, तुला माहीत असेल." आमचं वळण, म्हटलं ना. मग ती पुढे म्हणाली, "पण मावशींनी हाक का मारली?"

"प्रामाणिक आहेत म्हणून."

"हो, पण..." ती थांबली. "थांब. थांब हं, आत्या." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी हे मावशींच्या दारात जाऊन आले. मावशी म्हणाल्या, काय न्हाई दादा, राग न्हाई, चहा घ्या. चहा पाजला. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या शेतात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चुलतदिराच्या शेतात दिसल्या, बांधापलीकडे, आमच्याकडे पाठ करून वेचत होत्या. एखादीला पाठीनेही बोलता येतं, ते मी तेव्हा बघितलं. ती पेंढी हे निमूटपणे उचलून बाकीच्या पेंढ्यांत टाकून आले. मजुरांना यांनी काय कारण सांगितलं ते मी विचारलं नाही.

फेरपरीक्षा आणि आमची मळणी एकाच दिवशी आली. मळणीयंत्र भाड्याचं, त्याची वेळ आपल्याला ठरवता येत नाही. सकाळपासून भुसा उडत होता. मी शाळेतून रजा घेतली होती, कारण मळणी असं लिहिलं होतं. खरं कारण अर्जात बसणारं नव्हतं. पोरीची परीक्षा आमच्या सकाळच्या सुमारास. दहा वाजून गेले, फोन नाही. अकरा झाले. भावाला लावावा तर तो उचलेना. मी दर पेंढीमागे फोन बघत होते, शेवटी यंत्रवाला म्हणाला, "बाई, फोन मशिनीत जाईल. बाजूला ऱ्हावा."

आणि शेवटच्या पेंढ्या आत गेल्यावर आमचे हे एकदम उभे राहिले. "आरं तिच्यायला."

"काय झालं?"

"मोटारीच्या खोलीमागं दुसरी एक राह्यली. त्या दिवशी मावशीच्या गडबडीत तिथं टेकवलेली, मी सपशेल इसरलो." आणि ते निघाले. यंत्र थांबलेलं, यंत्रवाला दुसरीकडे जायच्या घाईत, "दादा, पळत आना, टाकून घेतो."

तेवढ्यात फोन वाजला, तसे हे थांबले. पोरगी. मागे शाळेचा गोंगाट. "आत्या, पास!"

मी काय बोलले मला आठवत नाही. हे म्हणतात की मी फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

"ऐक ना. मी विचारलं सरांना, की पेंढी विसरलेली आहे हे गरिबाला कळणार कसं? हाक मारून विचारलं तर मालकाला आठवतं, मग ती विसरलेली राहतच नाही. न विचारता घेतली तर कदाचित चोरी. म्हणजे प्रामाणिक माणसाला कधीच मिळणार नाही आणि अप्रामाणिकाला नेहमी मिळेल. मग हा नियम कुणासाठी आहे?"

"मग? काय म्हणाले?"

"पाऊण तास भांडले. मी म्हटलं, म्हणून तर शेत रिकामं करून मालकाने निघून जायचं असतं, वळून बघायचंच नाही, म्हणजे विचारायला कोणी उरत नाही. ते म्हणाले, असं कुठं लिहिलंय दाखव. मी म्हटलं, लिहिलेलं नाही, मी बघितलंय. मग त्यांनी मावशींची सगळी गोष्ट विचारली. आणि मावशींनी त्या लोंब्या ओतल्या, ते परत सांगायला लावलं." मग तिचा आवाज खाली आला. "आत्या, मी उद्यापासून माझ्याच वर्गात. आईला सांगितलं तर ती रडतेय. बाबा म्हणतायत, मी म्हटलंच होतं. त्यांनी काय म्हटलं होतं?"

मी फोन यांच्याकडे दिला. यांनी शाबासकी वगैरे दिली नाही. म्हणाले, "ए पोरी, थांब. आत्ता माझी एक पेंढी राह्यलीया. खरी इसरलेली. मशिन हितं उभं हाय. आणू का न्हाई?"

"मजुरांना आठवली होती?"

"ते कवाच घाटघरला गेले."

"आत्याला?"

"तिला काय आठवतंय?"

"शेत रिकामं झाल्यावर आठवली ना? मग ती तुमची नाही, मामा."

"अगं, पण चांगली जाडजूड पेंढी हाय."

"मामा."

"आन त्या मावशीला कसं कळायचं? ती तर हिकडं फिरकत न्हाई."

"तेच तर मी सरांना विचारत होते," पोरगी म्हणाली. "पण मागे फिरायचं नाही एवढं नक्की. आणि बघायलाही जायचं नाही. तुम्ही बघितलंत तर परत तुमचीच होते."

यंत्रवाल्याने दोन मिनिटं वाट बघितली आणि यंत्र ट्रॅक्टरला जोडलं. हे धान्याच्या राशीशेजारी बसून राहिले. एवढा वेळ गप्प बसलेले मी त्यांना फक्त सासरेबुवांच्या दहाव्याला बघितलं होतं.

पुढचे काही दिवस आमच्याकडे एक विचित्र प्रकार चालला. यांना मोटार चालू करायला खोलीत जावंच लागे, आणि पेंढी तर खोलीमागे. हे मान वळवून, आडवी नजर लपवून आत जायचे आणि तसेच बाहेर यायचे. मी म्हटलं, "जरा डोकवा तरी." तर म्हणाले, "तुला काय, तू पास झालेली." दुपारी भाचीचा फोन आला की पहिला प्रश्न, "मामा, बघितलंत का?" "न्हाई गं बाई, न्हाई."

एक दिवस लाईटच्या माणसाला खांबाकडे जायचं होतं म्हणून मी त्याला घेऊन खोलीमागे गेले. मी मालक नाही, तेव्हा माझं बघणं नियमात बसतं, असं मी ठरवलं. पेंढी नव्हती. भिंतीशी चार काड्या आणि थोडा भुसा. आता ती मावशींनी नेली, की चुलतदिराच्या शेळ्यांनी खाल्ली, की शाळेतून येणाऱ्या पोरांनी त्यावर बसून तिची वाट लावली, ते कळायला मार्ग नाही. चौकशी करायला भाचीची बंदी. यांना मी एवढंच सांगितलं की नाही तिथे. हे म्हणाले, "बरं झालं." आणि मग बऱ्याच वेळाने, "शेळ्याच असत्याल."

मे महिना लागायच्या आधी कांदा निघाला. काढणी झाली, गाडी भरून गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पाटी घेऊन आमच्या बांधावर उभ्या. आत आल्या नाहीत. मी घरातून बघितलं आणि पळत गेले.

"या ना मावशी."

"येती की." तरी तिथेच उभ्या. शेतात एका वाफ्याच्या टोकाला पातीसकट पाच-सहा कांदे पडले होते. मावशींनी तिकडे बोट केलं आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाई, ते कांदं इसरल्यात का ठिवल्यात? आधी सांगा, मंग येती!"

पलीकडच्या शेतातल्या बायका हसल्या. हे मोटारीच्या खोलीतून बाहेर आले होते, ते तसेच मागे फिरून आत गेले आणि दार ओढून घेतलं.

मी म्हटलं, "मावशी, मला काहीच माहीत नाही. मी बघितलेलंच नाही."

मावशींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "आता शिकल्या," म्हणाल्या आणि पदर खोचून शेतात उतरल्या. मी वळून घराकडे आले. वळून बघायचं नाही, हे त्या दिवशी मला जेवढं जड गेलं तेवढं माझ्या वर्गातल्या मुलांना पाठांतर जात नसेल. दुपारी भाचीचा फोन आला, सकाळच्या तासाला नवा धडा लागला होता, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायचा. "मामा कुठे आहेत?" तिने विचारलं. "त्यांना दे ना फोन. मला भांडायचंय."